सावडीचा चौथा दिवस

उत्तमला चहा करायचा होता, एवढंच.

कल्याण स्टँडवरून सकाळची मुरबाड एसटी, मुरबाडहून दुसरी, ती जिथे वळते तिथून भर मे महिन्याच्या उन्हात दीड तास चाल, असं करत चौघे डोंगराच्या पायथ्याशी पोचले होते. साल एकोणनव्वद. गड चढायच्या आधी चहा झालाच पाहिजे, असा उत्तमचा नियम. बाकी तिघांनी विरोध केला नाही, कारण विरोध करायला तोंडात थुंकी उरली नव्हती. समोर भाताची रिकामी खाचरं होती आणि एका खाचराच्या वरच्या अंगाला कुणीतरी वाळक्या फांद्या, पाला असं गुडघाभर पसरून ठेवलेलं. "वा! सोसायटीने लाकडंपण आणून टाकलीत," म्हणत उत्तमने तिथेच कडेला तीन दगड मांडले, दोन फांद्या ओढून मोडल्या आणि काडी लावली. पाण्याला बुडबुडे यायच्या आत वारा फिरला.

पुढची दहा मिनिटं चौघांनी टॉवेल आपटले, बूट आपटले. उत्तमने शेवटचा उपाय म्हणून चहाचं पाणीही ओतलं, साखरेसकट. जाळ माणसापेक्षा उंच गेला, भडभड करून सगळं खाऊन बसला आणि मग राखेखालून शेणाचा जळका वास येऊ लागला. तेव्हा उत्तमच्या डोक्यात प्रकाश पडला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी डोंबिवलीत त्याच्या आजोबांच्या शेतातून उन्हाळ्यात असाच वास यायचा. हा कचरा नव्हता, राब होता. आधी शेण, त्यावर झाडाच्या फांद्या, त्यावर गवत, त्यावर माती असे थर देऊन जमीन भाजायची, आणि पाऊस पडला की त्या भाजलेल्या तुकड्यात भाताचं रोप करायचं. सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावं असलेल्या आगऱ्याच्या पोराने राब ओळखला नाही आणि त्यावर चहा ठेवला. आजोबांच्या शेतात आता रंगाची कंपनी उभी होती आणि उत्तम तिथेच लॅबमध्ये बाटल्या धूत होता, हे कारण म्हणून सांगता आलं असतं. पण सांगायचं कुणाला?

ती वरून धावत आली. पंचेचाळिशीची बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत आवळलेलं, कमरेला कोयता. चौघांची नजर आधी कोयत्याकडेच गेली. बाईने मात्र त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती राखेच्या कडेला उकिडवी बसली, हाताने राख बाजूला सारून तिने खालच्या मातीवर तळवा ठेवला, सरकून दुसरीकडे ठेवला, मग तिसरीकडे.

"कच्ची," ती म्हणाली. "वरचं वर जळलं. गवत घालायचं व्हतं, माती घालायची व्हती. मंग वाऱ्याच्या उलट्या अंगानं लावायचा, म्हंजे रात्रभर धुमसतो. ह्ये नुसतं भडकलं. माती कच्ची राहिली की भातापरास तण जोरात येतं." मग तिने वर बघितलं. "कुणाची पोरं रं तुमी?"

"डोंबिवलीची."

"डोंबिवलीत राब नाय करत?"

"उत्त्या, तुझे आजोबा करायचे ना रे?" एक मित्र म्हणाला. मित्र असेच असतात.

"करायचे," उत्तम म्हणाला.

"मंग आजोबाला इचारायचं व्हतं, ह्ये काय असतं म्हनून."

"ते गेले."

"बरं झालं," बाई म्हणाली.

तिचं नाव ठमाबाई. ठाकराची. वाडीत तेवीस घरं, सगळी ठाकरांची, आणि खालची खाचरं सगळी खालच्या गावातल्या गोमाजीची. हा तुकडा ठमाबाई अठरा वर्षं अर्धेलीने करत होती. पेरायचं, लावायचं, कापायचं, झोडायचं हिने, आणि अर्धं भात उचलायचं गोमाजीने. कागदावर तिचं नाव कुठेच नव्हतं. गेल्या साली एकटीच्या हाताने राब उशिरा झाला, रोप उशिरा झालं आणि गोमाजीच्या वाट्याला चार पोती कमी पडली. त्याने सरळ सांगितलेलं, औंदा मृगाच्या आधी राब तयार दिसला नाही तर शेत वाडीतल्या दगडूला देणार. मृगाला महिना होता.

उत्तमने खिशातल्या नोटा पुढे केल्या. ठमाबाईने त्या घेतल्या, उगीच नाही-नको केलं नाही. "मीठमिरची येल," म्हणाली. "पर कवळ कुठनं आणू? पैशाला मिळते काय?"

कवळ म्हणजे राबासाठी तोडलेल्या ओल्या फांद्या. जवळच्या झाडांची कवळ माघातच तोडून झाली होती. आता उरली ती वर, धारेवरच्या ऐनाच्या झाडांची. ती तोडायची, डोक्यावरून खाली आणायची, आठ दिवस वाळवायची. शेण पुन्हा घरोघर मागायचं.

"मग काय करू, मावशी?"

"मी काय सांगू? चार माणसांचा एकेक दिस व्हता ह्याच्यात. सावडीनं केलेला. मालूनं दिला, तिच्या घरवाल्यानं दिला, धाकूनं दिला, येक माझा. त्यांचे दिस मला आवणीला फेडायचे हायती. तू माझे चार दिस जाळलेस. दे."

ती हे रागाने म्हणाली नाही. दुकानदार उरलेली चिल्लर मागतो तसं म्हणाली. वाडीत सगळं असंच चालायचं. आज तू माझ्या शेतात एक दिवस राबलास की उद्या मी तुझ्यात एक दिवस. दिवसाला दिवस. कुठे लिहून ठेवत नसत आणि कुणी विसरतही नसे.

मित्रांनी घड्याळ बघितलं. "तू राहा, उत्त्या. गड तुझ्या नावाने चढतो," असं म्हणून ते गेले, आणि खरंच चढले.

कंपनीला शुक्रवारची सुट्टी असे. शनिवार-रविवार उत्तमने दांडी मारली आणि ठमाबाईला दोन दिवस दिले. दिले म्हणजे काय, तर झाडावर ती चढायची आणि हा खाली उभा राहून वर बघायचा. पहिल्याच ऐनावर तो दोन पुरुष उंचीपर्यंत गेला आणि खोडाला मिठी मारून थांबला. ना वर, ना खाली. ठमाबाई खालून म्हणाली, "झाडाची पापी घेऊन झाली असंल तर उतर." मग ती स्वतः चढली. अनवाणी पायांचे अंगठे खोडात रोवत, एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कोयता चालवत ती थेट शेंड्याला जायची आणि फांद्या सळसळत खाली यायच्या. वाडीतल्या बायका कवळ तोडायला झाडावर चढत नसत. ते पुरुषाचं काम.

तिच्या घरचा पुरुष दारात बाजेवर पडून दोर वळत असायचा. महिपत त्याचं नाव. तीन वर्षांपूर्वी माघात असाच ऐनावरून पडला आणि खुब्यातून पाय गेला. ठमाबाईने त्याला डोलीतून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून एसटीने कल्याणला, तिथून ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. आयुष्यात तिने बघितलेलं शहर तेवढंच. आणि तेही काय बघितलं, तर एक व्हरांडा आणि एक नळ. अकरा दिवस ती त्या व्हरांड्यात झोपली. मोठं ऑपरेशन करायचं, दीड महिना राहावं लागेल, असं सांगितल्यावर ती नवऱ्याला उचलून घरी घेऊन आली.

"का?" उत्तमने विचारलं. दोघं भारे बांधत होती.

"राब भाजायचा राहिला व्हता."

"अहो, पण पाय..."

"पाय झाला असता बरा. मंग बऱ्या पायानं जायचं कुठं? शेत तर दगडूच्या नावानं बसलं असतं." तिने दोर आवळला. "त्यानंच सांगितलं, चल म्हनून. इचार त्याला."

उत्तमने विचारलं नाही. महिपतनेच दुपारी त्याला हाक मारली. उत्तम डोक्यावरचा भारा दर पन्नास पावलांवर खाली टाकत येत होता आणि महिपत बाजेवरून ते बघत होता. "काय रं दादा, डोंबिवलीची डोकी मऊ असत्यात काय?"

"वापरत नाही ना आम्ही," उत्तम म्हणाला.

महिपत हसला, आणि हसताना खुबा दुखला म्हणून थांबला.

ठमाबाईला चार मुलं झाली. दोन पावसाळ्यात गेली, एक पाच वर्षांचं, एक दीड. तिसरा मुलगा मुंबईला गेला तो गेलाच, असेल कुठेतरी. मुलगी आवडा तेवढी होती, ती नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर. दिवाळीनंतर जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. वाडीतली निम्मी घरं तशी जायची. ठमाबाई एकदाही गेली नव्हती. "ज्याला शेत नाय त्यो भट्टीवर जातो," एवढंच ती म्हणायची. ते म्हणताना तिची मान जराशी वर व्हायची, आणि उत्तमला कळायचं की ती अठरा वर्षं कशासाठी झाडावर चढतेय.

तिसरा दिवस पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी झाला. कवळ वाळून कडकडीत झाली होती. ठमाबाईने दारोदार फिरून शेण जमवलं होतं. सकाळपासून दोघांनी थर घातले, आधी शेण, मग कवळ, मग गवत, मग चाळून चाळून बारीक माती. संध्याकाळी तिने वाऱ्याचा अंदाज घेतला, उलट्या अंगाला गेली आणि विस्तव लावला. जाळ दिसलाच नाही. फक्त धूर, जमिनीलगत, सबंध तुकड्यावर सरकत जाणारा. "ह्याला भाजणं म्हनत्यात," ती म्हणाली.

"तीन झाले, मावशी. चौथा उद्या देतो. काय करायचं सांग."

"उद्या काय हाय? चौथा आवणीला दे. लावणीच्या टायमाला मानूस मिळत नाय." मग धुराकडे बघत, "येशील ना?"

"म्हणजे काय! येणारच."

आता यात उत्तमची दुसरी चूक सांगायची राहिली. पहिली तरी चहासाठी होती. ही नुसती बढाईसाठी. घरी, डोंबिवलीत, जेवताना तो बोलत सुटायचा. खांद्यावरचे ओरखडे दाखवायचा. डोंगर असा, ओढा असा, उन्हाळ्यातसुद्धा पाणी, आणि खालचा तुकडा असा सपाट की क्रिकेट खेळावं. आई कौतुकाने ऐकायची. बाप, दामाजी, मान खाली घालून भात कालवायचा. दामाजीने त्याच वर्षी खाडीकडची शेवटची जमीन बिल्डरला दिली होती. घरात पैसा होता, दारात जीप होती, आणि जमीन नसलेल्या दामाजीला झोप नव्हती.

"तिकरं पानी बारमाही हाय?" एके दिवशी त्याने विचारलं.

"हो ना. मी पोहलो ना त्यात."

"मालक कोन?"

"गोमाजी म्हणून आहे खालच्या गावात."

एवढंच बोलणं झालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दामाजी पेढे घेऊन आला. गोमाजीने तो तुकडा आणि लगतचे दोन विकले होते. गोमाजीला लेकीचं लग्न काढायचं होतं. दामाजी मूळचा शेतकरी, त्यामुळे खरेदीला कायद्याची आडकाठी नव्हती. सगळं एका दुपारी उरकलं.

उत्तमच्या हातात पेढा तसाच राहिला. "बाबा, तिथे ती बाई शेत करते. ठमाबाई. तिने राब केलाय. मी पण होतो."

"मंग पेरू दे की तिला," दामाजी म्हणाला. "मी कुठं नाय म्हनतो?"

उत्तमने पेढा खाल्ला. त्याला बरंही वाटलं. गोमाजीपेक्षा आपण काय वाईट? आपण अर्धेलीसुद्धा घेणार नाही, तिसरा हिस्सा घेऊ, असं त्याने मनातल्या मनात ठरवून टाकलं, आणि ठमाबाईला ते सांगताना आपला चेहरा कसा असेल याचीही उजळणी केली. सांगायला मात्र तो गेला नाही. कंपनीत ओव्हरटाइम चालू होता. वाडीत फोन नव्हता, आणि पत्र टाकलं तरी वाचणार कोण?

जुलैत, लावणीच्या दिवसांत, एका शुक्रवारी पहाटे तो बूट चढवत असताना दामाजीने त्याच्यासमोर एक किल्ली धरली.

"तिकरंच चाललास ना? तारा बरोबर लागल्यात काय बघून ये. गेटची किल्ली हाय."

"कसल्या तारा?"

दामाजीने सांगितलं. कल्याणच्या वकिलाने खडसावलं होतं. बाईला एक पीकसुद्धा घेऊ द्यायचं नाही. तलाठी पीकपाहणीला आला आणि तिने वहिवाट सांगितली, कूळ म्हणून नाव लागलं, की ठाण्याच्या कोर्टात वीस वर्षं चपला झिजव.

"तुम्ही म्हणालेलात पेरू दे!"

"पेरलं ना तिनं? पेरू दे म्हनलो. लावू दे कधी म्हनलो?" दामाजी जरा ओशाळला, पण जराच. "तिला काय द्यायचं ते देऊ रं. मानसं हाव आपून."

पाऊस पडत होता. उत्तम पोचला तेव्हा नऊ वाजले होते. सिमेंटचे खांब, चार पदरी काटेरी तार, आणि वाटेच्या बाजूला लोखंडी गेट, त्याला कुलूप. आत, वरच्या अंगाला, त्या भाजलेल्या तुकड्यात वीतभर रोप उभं होतं. दाट, काळसर हिरवं, एक काडी तणाची नाही. खाली खाचरात नुसतंच पाणी साचलेलं, त्यावर थेंबांचे फोड. नांगर फिरलाच नव्हता.

डोक्यावर इरली घेऊन दोन बायका वाकून रोप उपटत होत्या. गेटचं कुलूप तसंच होतं. त्या तारेखालून गेल्या होत्या. उत्तमने किल्ली खिशातच ठेवली आणि तोही तारेखालून गेला. शर्ट फाटला.

ठमाबाई ताठ झाली. दुसरी मालू होती, राबाला एक दिवस दिलेली. मालूने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि थुंकली. त्याच्यावर नाही, बाजूला, पण त्याच्यासाठी.

"आलास," ठमाबाई म्हणाली. "म्हनला व्हतास, येतो."

"मावशी, मला माहीत नव्हतं तारेचं. आज सकाळी कळलं."

"शेत तुज्या बापानं घेतलं, ते?"

 ते उत्तमला दीड महिना माहीत होतं.

"मला गोमाजीच्या गड्यानं सांगितलं," ती म्हणाली. "मी म्हनलं, त्यो पोरगा हाय ना, मंग काय भ्या नाय. आपल्यासंगं राबलाय. म्हनून पेरलं बघ." तिने हातातली रोपाची मूठ पाण्यात खळबळवली, मुळांची माती धुतली. मग ती त्याच्या अगदी जवळ आली. इरल्यावरून पाणी गळत होतं. "पोरा, शेत आता तुजं हाय. बापाचं ते तुजं. तू नुसतं 'लाव' म्हन. मालूचा नांगर हाय, बैल हायती. आज चिखल करते, उद्या लावते. येवढ्या सालाचं लावू दे. कागदबिगद मला नको. अंगठा देते, तू म्हनशील त्याच्यावर."

मालू उपटायची थांबली.

उत्तमला 'लाव' म्हणायचं होतं. तोंडात शब्द आला होता. पण त्याच्यामागोमाग दामाजी आला, वकील आला, ठाण्याचं कोर्ट आलं, संध्याकाळचं जेवणाचं ताट आलं. तो डोंगराकडे बघत राहिला. डोंगर धुक्यात दिसत नव्हता. "बाबांना विचारून..." तो म्हणाला. "वकील म्हणतो की..."

"बरं," ठमाबाई म्हणाली आणि वाकली.

 उत्तमने बूट काढले, पँट दुमडली आणि रोप उपटायला लागला. कुणी त्याला 'ये' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही. रोप मालूच्या शेतात जाणार होतं. त्या बदल्यात मालूचे आणि तिच्या नवऱ्याचे सावडीचे दिवस फिटणार होते; धाकूचा तिने त्याच्या लावणीत आधीच फेडला होता. आपल्या शेतात लावायला नाही, तर निदान कुणाचं देणं नको, असा ठमाबाईचा हिशेब होता. दुपारपर्यंत उत्तमच्या बोटांची सालं निघाली. मुठी बांधल्या, पेंढ्या बांधल्या, तारेखालून एकेक करून सरकवल्या. चार वाजता तुकडा मोकळा झाला.

"दिवाळीनंतर काय?" त्याने विचारलं.

"भट्टीवर. आवडा जाते तिकडं. घरवाल्याला टेंपोत घालायचा." ती तारेखालून बाहेर गेली. उत्तमने तार वर उचलून धरली होती, तेवढं तरी त्याला सुचलं. किल्लीची आठवण मात्र त्याला झाली नाही.

"मावशी," तो म्हणाला, आणि आपण हे का विचारतोय हे त्याचं त्यालाच कळेना, "चार झाले ना आता?"

ठमाबाईने पेंढ्यांचा भारा डोक्यावर घेतला, तोल सावरला. तिने जरा विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती आणि कुणाचा दिवस बुडवणारीही नव्हती.

"आजचा कसा धरू?" ती म्हणाली. "आज तू तुज्याच शेतात राबलास. माझ्यात कुठं?"

मालू पुढे निघाली होती. ठमाबाई तिच्यामागे गेली.

दामाजीने त्या जमिनीत पुढे काहीच केलं नाही. दोन आंबे लावले, ते गुरांनी खाल्ले. महिपत भट्टीवरच वारला, तिसऱ्या वर्षी. उत्तमने ठमाबाईचा शोध घेतला, म्हणजे एकदा मुरबाडच्या बाजारात मालू भेटली तेव्हा विचारलं. मालू म्हणाली, भिवंडीला नाही आता, पुढे कुठेतरी पडघ्याकडे असेल. पडघा डोंबिवलीहून जेमतेम दोन तासांवर. उत्तमचं तिकडे जायचं अजून राहिलंय.